वॉल्टने नाही सांगितलं

अरविंदा,

तुझ्या रायफलीची बातमी लेकीला, मेघाला, तुझ्या व्याह्याने दिली नाही. मी दिली. तू असताना पाच महिने हे वाक्य माझ्या तोंडाशी होतं. तुझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना होतं, पत्ते पिसताना होतं, आणि तुझ्यासमोर फूल ठेवून हात जोडले तेव्हाही होतं. आज तुला जाऊन तीन आठवडे झाले. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काही लिहून द्या, असा निरोप आला. जन्म कुठला, कॉलेज कुठलं, कारखान्यात किती वर्षं, ते दुसरं कोणी लिहील. मी हे लिहितो. मेघाला आधी वाचून दाखवलंय. तिची हरकत नाही.

तू मला इन्स्पेक्टर म्हणायचास. मिलवॉकीच्या त्या इंजिनांच्या कारखान्यात तू डिझाइनमध्ये आणि मी क्वालिटीत. तू काढलेला भाग माझ्या टेबलावर यायचा आणि बहुतेक वेळा मी तो परत पाठवायचो. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर हिला विचारलंस, "वहिनी, मध्याने तुम्हाला पसंत केलं की इन्स्पेक्शन करून घेतलं?" ही म्हणाली, "भावजी, रिपोर्ट अजून आलेला नाही." संशय हे माझं पोटापाण्याचं काम होतं. निवृत्तीनंतर काम सुटलं, सवय राहिली.

वॉल्टच्या बाबतीत मी पहिल्या दिवसापासून चुकलो. मेघाच्या नवऱ्याचे, एरिकचे, हे वडील. इथून साडेतीन तास उत्तरेला त्याची डेअरी होती. बायको गेल्यावर त्याने गाई विकल्या, घर आणि मागचं जंगल तेवढं ठेवलं. साखरपुड्याआधी आपण चौघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा बैठकीच्या भिंतीवर शिंगांसकट हरणाचं डोकं होतं. मी त्याच्यासमोर, मराठीत, म्हटलं, "अरविंदा, मुलगी घरात देतोयस की म्युझियममध्ये?" तू हसलास. आपण हसतोय म्हणून वॉल्टही हसला. सुनंदावहिनी हसल्या नाहीत. परत येताना गाडीत म्हणाल्या, "मधूभावजी, त्या माणसाने आपल्यासाठी नवीन पातेलं आणून त्यात भाजी केली होती. स्टिकर अजून बुडाला चिकटलेला होता." पण पुढची बारा वर्षं तुला भेटलो की विचारायचो, "काय म्हणतात तुझे शिकारी?" तू कधी रागावला नाहीस. फक्त हळूहळू त्याच्याविषयी माझ्याशी बोलेनासा झालास. ते माझ्या लक्षात आलं नाही. जो माणूस हजारात एक वाकडा भाग शोधायचा, त्याच्या हे लक्षात आलं नाही.

मार्चमध्ये सुनंदावहिनी गेल्या. त्यानंतर तू घर आवरायला घेतलंस. कुकर, शिलाई मशीन, शाली, सगळं भराभर वाटून टाकलंस. मग तुझ्या स्वतःच्या वस्तू निघायला लागल्या. तळघरातलं लेथ कुठल्याशा शाळेला दिलंस. एके दिवशी तुझा मायक्रोमीटरचा संच घेऊन आलास. "राहू दे तुझ्याकडे," म्हणालास. डिसेंबरची भारताची ट्रिप कॅन्सल केलीस. मी एकेक गोष्ट मनात टिपत होतो.

ऑगस्टमध्ये तुझा फोन आला.

"मध्या, एक रायफल घ्यायचीय. बोल्ट-ॲक्शन. स्वस्तातली. चल बरोबर."

"कशाला?"

"हरणं येतात बागेत. टोमॅटो ठेवत नाहीत."

"मग कुंपण घाल."

"घालीन. तू येतोस की नाही, ते सांग."

गावाच्या हद्दीत, घराच्या मागच्या अंगणात रायफल चालवता येत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तुलाही ठाऊक असणार. म्हणजे तू खोटं बोलत होतास. बायको जाऊन पाच महिने झालेला, घर रिकामं करत चाललेला एकटा माणूस खोटं कारण सांगून रायफल घेतो, तेव्हा ती कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला. मी तो तुला विचारला नाही.

त्याऐवजी आपण तक्ता केला. बोल्ट-ॲक्शनमध्ये दर गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढे सारावा लागतो, भाग कमी, बिघाड कमी, म्हणून कमी पैशांत चांगली मिळते, हे तू मला समजावलंस. मी रकाने आखले. वजन, नळीची लांबी, चाप किती ताणावर सुटतो, दस्ता लाकडाचा की प्लॅस्टिकचा, दुर्बीण सोबत येते की वेगळी. तीन आठवडे आपण रोज फोनवर भांडलो. मी म्हणायचो, घ्यायचीच तर चांगली घे. तू म्हणायचास, नको, साधी. टोस्टर घ्यायला ज्याने सहा महिने लावले, मिक्सर तीनदा परत केला, तो माणूस रायफल मात्र सगळ्यात स्वस्त मागतो. जी वस्तू फार दिवस वापरायची नसते ती माणूस स्वस्तातली घेतो, असा अर्थ मी काढला. तक्त्याला एक रकाना मी मनातल्या मनात जोडला आणि तो रोज भरत गेलो.

तरी दुकानातली ती दुपार आठवली की बरं वाटतं. काउंटरवरच्या बाई साठीच्या असतील. त्यांनी तीन रायफली काढल्या, प्रत्येकीचा खटका उघडून आत काही नाही हे आधी दाखवलं आणि मगच हातात दिली. म्हणाल्या, "मोठ्या गोळीच्या मागे लागू नका. जी खांद्याला धक्का देते, तिला माणूस घाबरतो, आणि घाबरला की नेम चुकतो. आजकाल स्वस्तातल्याही सरळ मारतात. वाचलेले पैसे दुर्बिणीत घाला."

तू विचारलंस, "हा प्लॅस्टिकचा दस्ता थंडीत वाकतो का? नळीला टेकला तर?"

त्या बाईंनी पर्समधून एक डॉलरची नोट काढली, नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत घातली आणि थेट मागेपर्यंत सरकवली. कुठे अडकली नाही. मी म्हटलं, "हे तर आपलं फट मोजायचं फीलर गेज." तू नोट मागून घेतलीस आणि तिन्ही रायफलींना लावून पाहिलीस. दुसरीत ती अडली. आपण दोघं त्या फटीवर वाकून उभे राहिलो, एकमेकांची डोकी आपटली, आणि पाच मिनिटं मी माझा सगळा संशय विसरलो.

मग बाईंनी आतून एक अक्रोडाच्या दस्त्याची आणली. तू तिच्यावर तळवा फिरवलास. लाकूड ओळखणारा हात होता तो. आणि परत ठेवलीस.

"इतकी नको."

"का? तुला परवडते," मी म्हटलं.

"परवडण्याचा प्रश्न नाही."

"मग कसला आहे?"

"मध्या, इन्स्पेक्शन पुरे."

बाईंनी विचारलं, "पहिलीच शिकार ना? कोणाबरोबर जाणार?" तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "अजून ठरलं नाही." ड्रॉइंग तयार नसताना 'तयार आहे' म्हणतानाचा तुझा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिलेला. तोच चेहरा होता.

फॉर्म भरताना मी तुझ्या खांद्यावरून वाचत होतो. मानसिक आजाराविषयीचा प्रश्न आला आणि मी श्वास रोखून धरला. तू 'नाही'वर खूण करून पुढे गेलास. पेन अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. "उंची किती लिहू रे? पूर्वी पाच सात होतो. आता आक्रसलो असेन." बाई म्हणाल्या, "पाच सातच लिहा, सगळे तसंच करतात." तू हसलास. घरी ठेवायला कुलपाचं लोखंडी कपाट घेतलंस, तेही मजबूत. माझा संशय खोटा पाडणारी एवढी मोठी वस्तू मीच माझ्या गाडीत चढवली, आणि माझ्या त्या रकान्यात तिची नोंद केली नाही.

तुला सोडलं आणि वाटेत इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून मी कॅरी गावात राहणाऱ्या मेघाला फोन केला.

"तुझ्या बाबांनी रायफल घेतलीय. मला लक्षण ठीक दिसत नाही."

तिला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा ती इंग्रजीतून रडायला लागली. मी म्हटलं, "हे बघ, मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस."

"प्रॉमिस, मधूकाका," ती म्हणाली. मुलीने शब्द पाळला. एवढा चोख पाळला, की मला आता त्याची लाज वाटते.

शुक्रवारी ती आणि एरिक आले. दारातच एरिकने विचारलं, "बाबा, ती गन कुठे आहे?" पुढचं तूच मला सांगितलंस. मेघा सोफ्यावर बसून नुसती म्हणत राहिली, "बाबा, प्लीज, माझ्यासाठी." तू कपाटाची किल्ली काढून दिलीस. एरिकने रायफल दुकानात परत दिली. मेघाने तुला कारण सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. दोन दिवस तिने तुला पराठे करून फ्रीझरमध्ये भरले आणि ती गेली.

सोमवारी तू माझ्याकडे आलास. कोट न काढता टेबलाशी बसलास.

"माझ्याच घरात माझी झडती, मध्या."

मी चहा ओतत होतो.

"दोघांनाच माहीत होतं. तुला आणि वॉल्टला."

"वॉल्टला? त्याला कशाला सांगितलंस?"

"जाऊ दे आता. शेवटी मुलाचा बाप. बोलला मुलापाशी."

"असेल," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. तुझा फोन टेबलावर वाजला, वरती वॉल्टचं नाव होतं. तू फोन पालथा घातलास. मी म्हटलं, "मेघाला तरी विचार, कोणी सांगितलं म्हणून." हेसुद्धा मी म्हटलं, बघ. तू मान हलवलीस. "मुलीच्या सासरी माझ्यामुळे वाकडं नको." फोन वाजून वाजून थांबला.

तिकडे मेघानेही एरिकला बजावलेलं, आपल्या घरातली गोष्ट तुझ्या घरी नको. म्हणून वॉल्टलाही कोणी काही सांगितलं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा मान राखला.

एक गोष्ट मेघालाही पहिल्यांदा इथेच कळली. एप्रिलपासून रविवारी संध्याकाळी तुझा फोन बिझी असायचा. तू लेकीशी बोलत असशील, असं मी हिला सांगायचो. पण तुझ्या फ्रिजवर वॉल्टचा नंबर आणि खाली 'रवि. ७' असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं मी जूनमध्येच पाहिलं होतं. ज्याची मी बारा वर्षं टिंगल केली, त्याच्याशी तू दर आठवड्याला तासभर बोलत होतास, आणि माझ्याशी टोमॅटोविषयी खोटं. पार्किंगमधून फोन केला तेव्हा मला तुझी भीती वाटत होती, हे खरं. पण नुसती भीतीच होती का? त्यात किती काळजी आणि किती जळफळाट, हे मोजायचं साधन माझ्यापाशी नाही. जिची समजूत मी काढायची, त्या मेघानेच मला सांगितलं, "काका, यू डिड द राइट थिंग." फोन करणं बरोबर असेल. 'असेल' म्हणणं नव्हतं.

आणि अजून एक संशय आहे, तो तूच मागे ठेवून गेलायस. माझी नोकरी गेली होती तेव्हा तू दर शनिवारी रमीचे पत्ते घेऊन यायचास. सात महिने आलास. एकदाही विचारलं नाहीस की कुठे अर्ज केलास, पैसे आहेत का, घर चालतंय का. त्या न विचारण्यावर मी तगलो. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आता मानतो. पुढे रमी चालूच राहिली. या जानेवारीत, माझा डाव लागायला एक पत्ता बाकी असताना, तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मध्या, मला काही सांगायचंय का तुला?"

आपल्या उभ्या मैत्रीत तू मला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न.

"पत्ता टाक," मी म्हणालो.

तू टाकलास. मी जिंकलो. तुला कळलं होतं का, अरविंदा? कळलं असेल तर वॉल्टला फोन का नाही केलास? की मी स्वतः बोलेन याची वाट पाहत होतास? मी हे रोज उलटसुलट करून बघतो. महिन्याभरात तू झोपेत गेलास. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मेघाने मला दोनदा विचारलं, "नक्की ना, काका?" मी म्हटलं, नक्की. आम्ही दोघंही त्या रायफलीचा विचार करत होतो, जी सप्टेंबरपासून तुझ्या घरात नव्हतीच.

तुझ्या अंत्यविधीला वॉल्ट आला होता. कोट त्याला खांद्यात तंग होता. सगळ्यात मागे उभा राहिला. फुलं ठेवून झाल्यावर माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही त्याचे जुने मित्र. नोव्हेंबरच्या शिकारीसाठी मी झाडाखाली दोन खुर्च्या लावून ठेवल्या होत्या. त्याने एकदम फोन घेणंच सोडलं. माझं काही चुकलं का?"

दोन खुर्च्या. तेव्हा मला कळलं, रायफल कशासाठी होती.

आणि तरी मी म्हणालो, "मला माहीत नाही."

गेल्या मंगळवारी मी एकटा गाडी काढून त्याच्याकडे गेलो. ही म्हणाली, "या वयात, या बर्फात?" मी म्हटलं, हो. वॉल्टने काही न विचारता कॉफी ठेवली. मी कोटही काढला नाही आणि सगळं सांगितलं. पार्किंग, मेघा, 'असेल', रमी, सगळं. तो ऐकत होता. मध्ये एकदाच उठून त्याने शेगडी बंद केली.

"म्हणजे तो गेला तेव्हा त्याला वाटत होतं, मी बोललो," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, त्याला माझ्यासारख्या गवळ्याबरोबर बसायचं नसेल. तुम्ही सगळे शिकलेले."

माझं अवघडणं त्याला बघवेना, म्हणून की काय, तो तुझ्याविषयी बोलायला लागला. तू शिकारीच्या सुरक्षेचा दोन दिवसांचा वर्गही केलास, वयामुळे सक्ती नसताना. चौदा वर्षांच्या मुलांमध्ये बसून पहिला आलास, आणि ते त्याला दोन रविवार ऐकवलंस. मारायचं तुझ्या मनात फारसं नव्हतंच, तू म्हणालास, नुसता बसेन. पण वॉल्टने स्वतःची जुनी रायफल देऊ केली तेव्हा ऐकलं नाहीस. मुलीच्या बापाने व्याह्याकडून उसनी वस्तू घ्यायची नसते, म्हणालास. मग त्याची रायफल केवढ्याची, ते विचारून घेतलंस. ती त्याने तरुणपणी सेकंडहँड घेतलेली. "मी म्हटलं, तू चांगली घे, आर्व, तुझ्याकडे पैसे आहेत. तर म्हणतो, नाही, तुझ्यापेक्षा भारी माझ्या हातात शोभणार नाही. मला ते नीट कळलं नाही. तुमच्यात तसं असतं का?"

"असतं," मी म्हणालो. माझ्या तक्त्यातला सगळ्यात संशयास्पद रकाना तो होता.

मग वॉल्टने मला विचारलं, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं त्याला. "तुम्हाला भीती वाटली, ते समजतं. माझा धाकटा भाऊ तसाच गेला. पण इतकी वर्षं ओळखता, तर त्यालाच का नाही विचारलंत?"

आमच्यात विचारत नाहीत, हे उत्तर माझ्याजवळ होतं. मला ते देववलं नाही.

"मी विचारलं होतं," वॉल्ट म्हणाला. "रायफल घेतो म्हणाला त्याच दिवशी. सरळ विचारलं, आर्व, तू स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार करतोयस का?"

"मग?"

"मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाला, तसं काही नाही. पण सुनंदा गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटत नाही. उठून करायचं काय, कळत नाही. मी म्हटलं, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस असतात, माझ्याकडे पहाटे चारला उठावं लागेल, मी दार वाजवीन. तर म्हणाला, तू वाजवणार असशील तर उठेन."

हे तू त्याला सांगितलंस, अरविंदा, कारण त्याने विचारलं. आणि नोव्हेंबरात ते नऊ दिवस तू तुझ्या घरी होतास. मी दोनदा येऊन गेलो. दोन्ही वेळा सकाळचे अकरा वाजले होते आणि तू अंथरुणातच होतास. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?" आणि तू म्हणालास, "ठीक आहे." मी पुढे काही विचारलं नाही.